डेट्रॉइटचे शनिवार

बाबा डेट्रॉइटला गेला त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलायचा तो फ्रिज. थोड्या थोड्या वेळाने घुरघुरायचा, मग खोकल्यासारखा एक आवाज काढून गप्प व्हायचा. मी शाळेतून साडेतीनला घरी यायचे तेव्हा आई दुपारच्या शिफ्टला गेलेली असायची. ती वृद्धांच्या एका होममध्ये केअरर होती. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं. चिंचवडला ती शाळेत गणित शिकवायची. ओट्यावर डबा झाकलेला असायचा आणि त्यावर पिवळ्या चिठ्ठीवर तिचं वळणदार अक्षर: ‘उसळ गरम कर. भात एक मिनिटच. पाणी पी.’ मी ती चिठ्ठी मोठ्याने वाचायचे, घरात कोणाचा तरी आवाज व्हावा म्हणून. ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागातलं ते आमचं भाड्याचं घर तळ्यापासून दोन गल्ल्या आत होतं. घराला घर चिकटलेलं, पण शेजारी दिसायचे ते गॅरेजचं दार वर जाताना आणि खाली येताना. पाचच्या सुमारास तळ्यावर पांढऱ्या कोरेला पक्ष्यांचे थवे उतरत आणि इतका कर्कश कालवा करत की आई त्यांना ‘मंडईतल्या बायका’ म्हणायची. मला तो कालवा आवडायचा. आता या वयात मला शांतता प्रिय आहे, पण चौदाव्या वर्षी शांतता म्हणजे कोणी तरी आपल्याला विसरून दार लावून गेल्यासारखं वाटतं.

बाबा डायचा इंजिनिअर होता. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. वरचा आणि खालचा असे दोन भाग प्रेसमध्ये बसवायचे, मध्ये सपाट पत्रा सरकवायचा, प्रेस खाली आला की दरवाजा तयार. एकेक डाय लहानशा हत्तीएवढी. भोसरीच्या टूलरूममध्ये बाबाने ही विद्या शिकली आणि तिच्याच जोरावर आम्हाला व्हिसा मिळून आम्ही ॲडलेडला आलो. गाड्या बनवणारे मोठे कारखाने इथे बंद पडून गेले होते, तरी बाबाची कंपनी टिकून होती. ट्रकचे दरवाजे, ट्रेलरचे पत्रे, जुन्या गाड्यांची बॉनेट आणि मडगार्ड असलं काम. मालक अमेरिकन, मुख्य ऑफिस डेट्रॉइटजवळ. तिथे सहा महिन्यांचं काम आहे म्हणून बाबा गेला. सहाचे नऊ झाले, नवाचे बारा. विचारलं की म्हणायचा, “होतंच आलंय गं.”

त्याचा फोन रोज यायचा, पण रोजच्या फोनमध्ये जेवलीस का आणि अभ्यास झाला का यापलीकडे काही नसायचं. खरा फोन रविवारचा. आमच्या रविवारी सकाळी सात वाजता त्याच्याकडे शनिवारची संध्याकाळ असायची. आई आठवड्यात त्या एकाच सकाळी घरात निवांत असे. कांदेपोहे व्हायचे. टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि स्क्रीनवर बाबा, कानटोपी घातलेला, हातात चहाचा मग. आई दहा मिनिटं बोलून पोह्यांकडे वळायची. मग मी आणि तो.

नववीत आमच्या मिस्टर डॉयल सरांनी प्रोजेक्ट दिला. जगातलं कुठलंही एक शहर घ्या, ते कशावर उभं राहिलं, लोक तिथे का आले, का गेले ते शोधा, आणि वर्गासमोर पंधरा मिनिटं बोला. अर्ध्या वर्गाने पॅरिस आणि टोकियो घेतलं. मी डेट्रॉइट घेतलं. बाबाला सांगितलं तेव्हा तो स्क्रीनच्या इतका जवळ आला की नुसती दाढीच दिसायला लागली. म्हणाला, “मग मी तुझे डोळे. दर शनिवारी तू सांगशील तिथे जाऊन येतो.”

आणि तो खरंच गेला. एका शनिवारी नदीवर गेला आणि पलीकडचा काठ दाखवून म्हणाला, “हे कॅनडा. आणि गंमत बघ, ते इथून दक्षिणेला आहे.” आम्ही नकाशा काढून खात्री केली. फ्रेंच लोकांनी दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पाण्यावरून या गावाला नाव दिलं, हे मी त्याला सांगितलं. गाड्यांच्या आधी तिथे चुली आणि स्टोव्ह बनायचे, घोड्यांच्या बग्ग्या बनायच्या, त्यामुळे लोखंड हाताळणारी माणसं तयारच होती, हे त्याने मला सांगितलं. एकदा तो शनिवारच्या बाजारात गेला. लांबलचक शेड, कोबीचे ढीग, फुलझाडं, आणि कोपऱ्यात ड्रम वाजवणारे दोघं. त्याने फोन उंच धरला आणि मी सकाळी सात वाजता पोहे खात तो बाजार ऐकला. एकदा तो म्युझियममध्ये गेला. तिथे एका मोठ्या दालनात चारही भिंतींवर कारखाना रंगवलेला होता, भट्ट्या, पट्टे, वाकलेली माणसं. “अगं, यात प्रेससुद्धा आहे,” बाबा कुजबुजला. “आणि माणसं बरोबर जागी उभी आहेत. चित्रकाराने नीट बघितलंय.” शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे, आणि वर बर्फ पडलं की खालचं मीठ रस्त्यांवर टाकतात, हे ऐकून आईसुद्धा ओट्यापासून येऊन बसली.

पण सगळंच असं नव्हतं. एका शनिवारी त्याने गाडी हळू चालवत एक रस्ता दाखवला. एक घर, मग मोकळी जागा, मोकळी जागा, एक जळकं घर, मग अंगणात झुला असलेलं नीटनेटकं घर, पुन्हा मोकळी जागा. गवत माणसाएवढं वाढलेलं. गवतातून लांब शेपटीचा एक रंगीत पक्षी फडफडत उडाला. “इथे पूर्वी दाराला दार लागून होतं,” बाबा म्हणाला. “आपल्यासारखं.”

हे त्याला सांगितलं होतं मिस लोरेननी. त्यांच्या घराचा वरचा मजला बाबाने भाड्याने घेतला होता. काळ्या वर्णाच्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांचे वडील दक्षिणेतल्या अलाबामातून कापसाची शेतं सोडून भट्टीवर कामाला आले होते. त्या स्वतः उभं आयुष्य गाड्या जोडण्याच्या लाइनवर दरवाजे बसवत होत्या. बाबा शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या त्याच्यासाठी हिरव्या पालेभाजीत मांस न घालता ती शिजवायला शिकल्या. बाबाने त्यांना पिठलं करून घातलं. त्यांनी ते मक्याच्या ब्रेडबरोबर खाल्लं आणि विचारलं, हे तुमच्याकडे दुःखात खातात की सुखात? बाबा म्हणाला, घाईत.

प्रोजेक्टसाठी मी मिस लोरेनशी एकदा बोलले. त्या रविवारी बाबा फोन घेऊन खाली त्यांच्या पोर्चवर गेला. मी प्रश्न लिहून ठेवले होते. गाण्यांबद्दल विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, की त्यांच्या तरुणपणी गल्लीतली पोरं लाइनवरून सुटली की कोपऱ्यावर उभं राहून सूर लावत, कोणाचं नशीब उघडेल सांगता येत नसे. मग मी वहीतला पुढचा प्रश्न वाचला: तुमचा कारखाना बंद होणार हे तुम्हाला केव्हा सांगितलं?

त्यांनी खुर्ची फोनच्या जवळ ओढली.

“सांगितलं नाही, बेबी,” त्या म्हणाल्या. “आधी मशीनं गेली. लाँग वीकेंड होता. आम्ही मंगळवारी कामावर गेलो तर दोन प्रेसच्या जागी नुसते बोल्ट राहिले होते जमिनीतून वर आलेले. दुरुस्तीला नेलीत म्हणाले. आम्ही विश्वास ठेवला. माझ्या भावाने त्याच महिन्यात दुसरीकडचं काम नाकारलं, कारण आपलं काम पक्कं आहे म्हणून. पुढे त्याला पुन्हा तसं काम कधीच मिळालं नाही.”

मी ते शब्द वहीत लिहून घेतले. खाली रेघ मारली. प्रोजेक्टला छान होईल म्हणून.

शाळेत मला एकच मैत्रीण होती, टीगन. वर्गात पहिल्याच आठवड्यात तिने माझं नाव तीन वेळा विचारून घेतलं होतं आणि ‘शर्वरी’ जमेना तेव्हा ‘शाव’ वर समेट केला होता. इतर मुली वाईट नव्हत्या. त्या हसायच्या, सरकून जागा द्यायच्या आणि शनिवारी कुठे भेटायचं ते ठरवताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. टीगन शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर तळ्याकाठच्या बाकावर येऊन बसायची, तिचा डॅड तिला न्यायला येईपर्यंत. तो तास माझ्या दिवसातला सगळ्यात छोटा तास. तिचा डॅड, केव्ह, बाबाच्याच कारखान्यात प्रेस चालवायचा. लाल मानेचा, मोठ्या आवाजाचा, मलाही ‘मेट’ म्हणणारा. “तुझा डॅड म्हणजे आमच्या डायचा डॉक्टर,” तो खिडकीतून ओरडायचा. “सांग त्याला, लवकर परत ये, पेशंट खोकतायत!”

मिस लोरेनशी बोलल्यानंतरच्या रविवारी बाबा कुठेच गेला नव्हता. मागे टेबलावर कागदांचा ढीग होता. मी सहज विचारलं, “काय करतोयस?” तोही सहज म्हणाला, “अगं, कुठली डाय कुठल्या कंटेनरमध्ये जाईल त्याची यादी. वजनं लावतोय.”

“कुठल्या डाय?”

“आपल्याच. ॲडलेडच्या.”

“त्या कुठे चालल्यात?”

तो उठला. त्याच्या खोलीचं दार लावून आला. आईने गॅस बंद केला आणि ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

“हे आपल्या तिघांतच,” बाबा म्हणाला. “वर्षाच्या शेवटी सांगणार आहेत ते. मी सही केलीय, बाहेर बोलायचं नाही म्हणून. शर्वरी, कळलं ना? कोणाला म्हणजे कोणालाही नाही.”

“ओके,” मी म्हटलं.

बुधवारी तळ्यावर खूप वारा होता, उत्तरेच्या वाळवंटातून येणारा गरम वारा, तोंडात धूळ येत होती. टीगन खुशीत होती. तिच्या डॅडला उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणीवर काम मिळत होतं, वाळवंटात, कित्येक तासांच्या अंतरावर. घरही देणार होते, सगळ्यांना तिकडेच जावं लागलं असतं. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

“डॅड नाही म्हणणार आहे!” ती म्हणाली. “मॅनेजरने सगळ्यांना सांगितलंय, प्लँटला काही होत नाही, वर्षानुवर्षांचं काम आहे. म्हणजे मी इथेच. कॅन यू बिलीव्ह इट?”

मी तिच्याकडे बघून हसले. मला आठवतं, पहिल्यांदा मला नुसता आनंदच झाला. ती राहणार होती. तो बाक, तो तास, ‘शाव’ म्हणणारा एक आवाज. मी गप्प बसले असते तर निदान वर्षअखेरपर्यंत हे सगळं माझं होतं, आणि गप्प बसायला तर मला बापाने बजावलंच होतं. इतक्या वर्षांनी लिहिताना मी स्वतःला शहाणं ठरवणार नाही. मी चांगली दहा मिनिटं गप्प बसले. टीगन बोलत होती, मी तिच्या बुटांकडे बघत होते, आणि डोक्यात त्या म्हातारीचा भाऊ फिरत होता. तो कसा दिसत असेल मला माहीत नव्हतं, म्हणून तो केव्हसारखाच दिसत होता.

मग केव्हची गाडी आली. टीगन उठली. मीही उठले आणि तिच्यामागून खिडकीपाशी गेले.

“केव्ह,” मी म्हटलं, “नाही म्हणू नका. खाणीला.”

“काय, मेट?”

“डाय जाणार आहेत. सगळ्या. बाबा तिकडे त्याचीच यादी करतोय. आधी मशीनं जातात, मग सांगतात.”

त्याने इंजिन बंद केलं. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. हळूच म्हणाला, “तुला नक्की माहीत आहे?” मी मान हलवली. तो समोर बघत राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग म्हणाला, “थँक्स, लव्ह. घरी जा आता. ऊन आहे.” टीगनने माझ्याकडे बघितलं आणि ती गाडीत बसली.

शुक्रवारी केव्हने खाणीला हो कळवलं. पण आपल्यापुरतं बघून गप्प बसणारा तो माणूस नव्हता. त्याने आदल्या दिवशीच युनियनच्या माणसाला सांगितलं होतं. शुक्रवारी दुपारी सगळी शिफ्ट मॅनेजरच्या ऑफिससमोर जाऊन उभी राहिली. हे मला नंतर कळलं. मला तेव्हा कळलं ते एवढंच, की रविवारी सात वाजता फोन आला तेव्हा बाबाने कानटोपी घातलेली नव्हती आणि हातात मग नव्हता.

“शर्वरी, तू कोणाला बोललीस का?”

आई कांदा चिरत होती. सुरी थांबली.

खोटं बोलणं सोपं होतं. केव्हने माझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हटलं, “हो. टीगनच्या डॅडला.”

“का?”

मला इंग्रजीत उत्तर येत होतं, मराठीत येईना. “ही वॉज गोइंग टू से नो, बाबा.”

तो स्क्रीनपासून मागे सरकला. मग म्हणाला, “बरं. पोहे खा.” आणि फोन ठेवला.

आईने कांदा तसाच टाकला. “स्वतःच्या ताटात माती कालवलीस,” ती म्हणाली. “एवढं त्याने विश्वासाने सांगितलं. परक्या देशात एक माणूस राबतोय आपल्यासाठी, आणि तू!” तिने मला कधी मारलं नव्हतं आणि त्या दिवशीही मारलं नाही. ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सुरू राहिला. पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या आल्या, पण त्यात ‘पाणी पी’ नव्हतं.

बाबाने सोमवारी स्वतः जाऊन त्याच्या साहेबाला सांगितलं, की बातमी माझ्या घरातून फुटली. त्याला त्या कामावरून काढलं आणि परतीचं तिकीट दिलं. इकडे कारखाना बंद होणार हे कंपनीला जाहीर करावं लागलं, वर्षअखेरीची वाट न बघता. लोकांना शोधाशोध करायला काही महिने जास्त मिळाले. कोणाकोणाला त्याचा उपयोग झाला, मी कधी मोजलं नाही.

टीगन तीन आठवड्यांनी गेली. शेवटच्या दिवशी ती बाकावर आली, पण बसली नाही. म्हणाली, “डॅड म्हणतो तू ब्रेव्ह आहेस.” मी सरकून जागा केली. “तू सांगितलं नसतंस तर मी इथेच राहिले असते,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता, ती नुसतं खरं ते सांगत होती. मी म्हटलं, “माहितीये मला.” पहिले काही दिवस मेसेज आले, लाल मातीचे फोटो, एक कुत्रा. मग तिला तिकडे मैत्रिणी मिळाल्या असाव्यात.

तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून मी डेट्रॉइटवर बोलले. नदी, चुली, मीठ, भिंतीवरची चित्रं, गाणी, गवत. वहीतल्या रेघ मारलेल्या ओळी मी वाचल्या नाहीत. शेवटी मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “पण मग तिथे आता कोणी राहतं का?” मी म्हटलं, “राहतात ना. मिस लोरेन राहतात.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “उत्तर बरोबर आहे,” आणि पुढचं नाव पुकारलं.

बाबा परत आला तेव्हा एअरपोर्टवर त्याने आधी आईच्या खांद्यावर हात ठेवला, मग माझ्या डोक्यावर. कारमध्ये बसल्यावर, काचेतून बाहेर बघत म्हणाला, “मिस लोरेननी निरोप दिलाय. म्हणाल्या, पोरीला सांग, तू बरोबर केलंस. आणि हेही सांग, की त्याबद्दल कोणी आभार मानणार नाही.” त्याला स्वतःला काय वाटतं ते त्याने सांगितलं नाही. घरी आता तीन माणसं होती आणि फ्रिज अजूनही ऐकू येत होता. रविवारी सात वाजता मी सवयीने उठून खाली यायचे. तो सोफ्यावर बसलेला असायचा, सवयीनेच. आम्ही पोहे खायचो. एकाच खोलीत बसल्यावर आम्हाला बोलायला शहर उरलं नव्हतं.

त्याला वाटलं होतं नोकरी गेली. पण त्या डाय कशा उचलायच्या, कशा बांधायच्या हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून शेवटचा कंटेनर भरेपर्यंत त्याला कारखान्यात ठेवून घेतलं. रोज तो डबा घेऊन जायचा आणि डबा रिकामा आणायचा. कसं चाललंय विचारलं की म्हणायचा, “होतंच आलंय.”

टर्मच्या सुट्टीत एका दिवशी माझा डेंटिस्ट होता, कारखान्याच्या वाटेवर. तिथलं आटपून मी बसने कारखान्याच्या गेटपर्यंत गेले, बाबाबरोबर घरी येऊ म्हणून. जेवणाची सुट्टी होती. कार पार्कमध्ये आमची गाडी दिसली आणि गाडीत बाबा. खिडक्या बंद, मांडीवर डबा उघडलेला. तो समोरच्या कुंपणाकडे बघत पोळीचा तुकडा मोडत होता. मी काचेवर टकटक केलं तेव्हा दचकला.

मी आत बसले. गाडी भट्टीसारखी तापली होती. “इथे का जेवतोस?” मी विचारलं.

“आत गर्दी असते.”

कँटीनची मोठी खिडकी समोरच होती. आत दोन टेबलं अर्धी रिकामी दिसत होती.

“ते बोलत नाहीत तुझ्याशी?”

त्याने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. “त्यांना माहितीये ना, की मला माहीत होतं. दीड वर्ष त्या माणसांबरोबर मी या डाय मोजल्या. तिकडे बसून त्याच डायची यादी केली. फोन करून हसत बोलायचो मी केव्हशी.” मग तो म्हणाला, “तू नक्की काय म्हणालीस त्याला?”

मी सांगितलं. शब्दाला शब्द. खिडकी, स्टिअरिंगवरचे हात, ऊन आहे घरी जा.

“मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो,” बाबा म्हणाला. “तू तर चौदा वर्षांची.” त्याचं वाक्य तिथेच राहिलं. त्याने माझा हात धरला नाही की काही नाही. डबा बंद केला, दार उघडलं आणि मला म्हणाला, “तू बस. खिडक्या उघड्या ठेव.”

तो कार पार्क ओलांडून गेला. भर उन्हात, बुटक्या सावलीबरोबर, डबा छातीशी धरून. कँटीनचं दार ढकलून आत गेला. खिडकीतून मला सगळं दिसत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं. बोलणारी तोंडं थांबली. बाबा मधल्या टेबलापाशी गेला आणि उभ्यानेच काही तरी बोलला, फार लांब नाही, तीन-चार वाक्यं असतील. काय बोलला ते मी त्याला त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही, आणि आता विचारायला तो नाही. कोणीही उत्तर दिलेलं दिसलं नाही. एक जण ताट उचलून निघून गेला. बाबा बाकाच्या टोकाला बसला, डबा उघडला आणि जेवायला लागला. मान खाली, सावकाश, घास चावून. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मला वाटलं आता उठेल, आता परत येईल. मी दाराच्या हँडलवर हात ठेवून बसले होते, पण गेले नाही.

मग समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराने, पेपरातून डोकं वर न काढता, टोमॅटो सॉसची लाल बाटली टेबलावरून हळूच बाबाकडे सरकवली.

बाबाने उभ्या जन्मात सॉस खाल्ला नव्हता. त्याला त्याचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. त्याने ती बाटली उचलली, उलटी केली, बटाट्याच्या भाजीवर चांगला भरपूर सॉस ओतला आणि शेवटच्या घासापर्यंत सगळं जेवण संपवलं.